घरी आलेलं बेडकाचं पिल्लू: ओळख आणि देखभाल, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिल्लू घरी आणलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "याला खायला काय देऊ?" त्याच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा: हे नेमकं कोणत्या जातीचं आहे? एका जातीला जगवणारी सोय दुसऱ्या जातीच्या जिवावर बेतते. जमिनीवर राहणारं पिल्लू खोल पाण्यात बुडून मरतं, आणि जन्मभर पाण्यात राहणारं पिल्लू पाण्याबाहेर काही तासांत सुकून जातं. म्हणून इथे आधी ओळखीचे प्रश्न घेतले आहेत, देखभालीचे नंतर.

हा बेडूक आहे की भेक?

भेकाची, म्हणजे टोडची, कातडी खरखरीत आणि कोरडी वाटते, मागचे पाय आखूड असतात आणि डोळ्यांच्या मागे विषग्रंथींचे दोन फुगवटे असतात. पण अगदी लहान पिल्लात हे फुगवटे नीट दिसत नाहीत, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका. चाल बघा. भेकाचं पिल्लू चालतं किंवा छोट्या छोट्या उड्या मारतं, बेडकाचं पिल्लू लांब झेप घेतं. नावावर मात्र जाऊ नका. 'फायर बेलीड टोड' म्हणून विकला जाणारा प्राणी खऱ्या भेकांच्या कुळातला नाही.

रंगावरून जात ओळखता येते का?

मोठ्या बेडकाची थोडीफार ओळखता येते, पिल्लाची नाही. लाल डोळ्यांच्या वृक्षबेडकाच्या पिल्लाचे डोळे सुरुवातीला पिवळसर असतात, लाली नंतर येते. आफ्रिकन बुलफ्रॉगचं पिल्लू हिरवंगार असतं आणि पाठीवर मधोमध फिकट पट्टा असतो. मोठेपणी तोच बेडूक मळकट शेवाळी रंगाचा होतो आणि नर 20 सेंटिमीटरच्या घरात जातो. शिवाय बरेच वृक्षबेडूक थंडी, उजेड किंवा भीतीप्रमाणे एकाच दिवसात हिरव्याचे तपकिरी आणि तपकिरीचे हिरवे होतात.

त्यापेक्षा पाय बघा. पाय खोटं बोलत नाहीत. पिल्लाला स्वच्छ, ओल्या, पारदर्शक डबीत ठेवा आणि वरून, बाजूनं आणि खालून असे तीन फोटो काढा. मग फोटो मोठे करून निवांत तपासा.

बोटांच्या टोकांना गोल चकत्या असतील तर तो चढणारा बेडूक आहे, त्याला उंच पेटी लागेल. शरीर गोल, पाय आखूड आणि मागच्या तळव्याच्या कडेला कठीण उंचवटा असेल तर तो माती उकरून बसणारा आहे. त्याला उंची नको, पुरेशी खोल माती हवी. मागच्या पायांना बोटांच्या टोकापर्यंत पडदा आणि बहुधा डोळे डोक्याच्या अगदी वर, आकाशाकडे बघणारे, म्हणजे पाण्यातला बेडूक.

त्यानंतर डोळ्याची बाहुली. लाल डोळ्यांच्या वृक्षबेडकाची बाहुली उभी असते, व्हाइट्स ट्री फ्रॉगची आडवी, फायर बेलीड टोडची जवळजवळ त्रिकोणी. पॅकमन फ्रॉगच्या पिल्लाच्या डोळ्यांवर कातडीची छोटी टोकं दिसतात आणि तोंड जवळपास डोक्याएवढं रुंद असतं. आफ्रिकन बुलफ्रॉगला अशी टोकं नसतात, त्याच्या पाठीवर लांबट उंचवटे असतात. ही सगळी चिन्हं मिळून निष्कर्ष काढा, एकाच चिन्हावर नको.

आणि ज्यांच्याकडून पिल्लू घेतलं त्यांना शास्त्रीय नाव विचारा. 'ग्रीन फ्रॉग' हे नाव कितीतरी जातींना चिकटवलेलं असतं.

'आफ्रिकन बटू बेडूक' म्हणून मिळालंय. ते खरंच बटू आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि त्याला कारणही तसंच आहे. आफ्रिकन ड्वार्फ फ्रॉग, म्हणजे बटू बेडूक, आणि आफ्रिकन क्लॉड फ्रॉग, म्हणजे नखवाला बेडूक, ही दोन पिल्लं एकाच आकाराची असताना एकसारखी दिसतात आणि अनेकदा एकाच टाकीत विकायला ठेवलेली असतात. बटू बेडूक मोठा झाला तरी साधारण तीन-चार सेंटिमीटरचा राहतो. नखवाल्याची मादी दहा सेंटिमीटरच्या पुढे जाते, दहा-पंधरा वर्षं जगू शकते आणि तोंडात मावेल ते सगळं गिळते. टाकीतले मासे आणि टाकीतला बटू बेडूकही.

फरक पुढच्या पायांत आहे. बटू बेडकाच्या चारही पायांना पडदे असतात. नखवाल्याच्या पुढच्या पायांना पडदा नसतो, चार बोटं सुटी आणि लांब दिसतात. बटू बेडकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, नखवाल्याचे वर. नखवाल्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना टाके घातल्यासारख्या बारीक रेघाही दिसतात. पाण्यातली हालचाल तो त्या रेघांनी टिपतो. पिल्लू पांढरं किंवा गुलाबी असेल तर ते जवळपास नक्की नखवाल्याचंच समजा.

नखवाला निघाला म्हणून तो वाईट पाळीव प्राणी ठरत नाही. फक्त त्याला मोठी टाकी, घट्ट झाकण आणि एकट्याचं राज्य लागतं. काही ठिकाणी, उदाहरणार्थ कॅलिफोर्नियात, तो पाळायला बंदी आहे, कारण निसर्गात सुटला की तो तिथल्या जिवांना भारी पडतो.

पिल्लाचं वय आणि नर-मादी कसं कळेल?

टॅडपोलची, म्हणजे अंड्यातून निघालेल्या, पाण्यात पोहणाऱ्या शेपटीवाल्या पिल्लाची, वाढ मोजता येते. केनेथ गॉसनर यांनी 1960 मध्ये अंड्यापासून पूर्ण बेडकापर्यंतचे 46 टप्पे ठरवून दिले, त्यातल्या 42 व्या टप्प्यात पुढचे पाय बाहेर येतात. एकदा शेपूट गेली की मात्र नुसतं बघून वय सांगता येत नाही, कारण आकार खाण्यावर आणि तापमानावर ठरतो. नर-मादी पिल्लात ओळखू येत नाही. मोठेपणी बऱ्याच जातींत नराचा गळा गडद होतो आणि तो ओरडायला लागतो, तोवर वाट बघा.

अजून शेपूट आहे आणि काहीच खात नाही. उपाशी मरेल का?

नाही. या काळात ते खाऊच शकत नाही. टॅडपोलचं शेवाळ खरवडणारं तोंड मोडून बेडकाचं रुंद तोंड तयार होत असतं, लांबलचक आतडं आखूड होत असतं, आणि शेपटीतलं पोषण अंगात शोषलं जात असतं. तेच त्याचं अन्न.

या दिवसांत खरा धोका बुडण्याचा असतो. फुप्फुसं कामाला लागलेली असतात आणि पोहणं अडखळतं. पुढचे पाय दिसले की पाणी एक-दोन सेंटिमीटरवर आणा आणि एका बाजूनं उतार द्या: खडबडीत दगड, मॉस, काहीही, पण पिल्लाला न घसरता वर येता आलं पाहिजे. शेपटीचा नुसता ठिपका उरला की मग खाणं दाखवायला सुरुवात करा. कायम पाण्यातच राहणाऱ्या जातींना अर्थात या उताराची गरज नाही.

पेटी केवढी घ्यावी आणि तळाला काय घालावं?

पिल्लासाठी छोटी पेटी चांगली. मोठ्या पेटीत इवल्याशा पिल्लाला भक्ष्य सापडत नाही आणि तुम्हाला पिल्लू सापडत नाही. वाढेल तशी पेटी बदला.

सुरुवातीचे काही आठवडे तळाला ओला, साधा, बिनवासाचा पेपर टॉवेल घाला आणि दर एक-दोन दिवसांनी बदला. दिसायला रुक्ष असतो, पण पिल्लानं खाल्लं का, शी केली का, हे त्यावर लगेच कळतं. नंतर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि स्पॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) वापरता येतं. उकरणाऱ्या जातींना मात्र लवकरच बसायला ओलसर कोकोपीट द्या. बारीक खडी कधीच नको. भक्ष्यावर झडप घालताना पिल्लू खडा गिळतं, तो आतड्यात अडकतो आणि मग अनेकदा शस्त्रक्रियाच करावी लागते. लपायला किमान दोन जागा द्या. झाकण घट्ट हवं, हवा खेळती हवी.

नळाचं पाणी चालेल का?

थेट नाही. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही. जमिनीवरचा बेडूक पोटाच्या खालच्या भागातल्या आणि मांड्यांमधल्या पातळ कातडीतून पाणी ओढून घेतो. म्हणजे पाण्यात जे जे असेल ते थेट त्याच्या अंगात जातं, आणि पिल्लाच्या एवढ्याशा शरीरात त्याचा परिणाम लवकर दिसतो.

नळाच्या पाण्यात नुसतं क्लोरीन असेल तर ते उघड्या भांड्यात 24 तास ठेवल्यावर बरंचसं उडून जातं. पण अनेक ठिकाणी क्लोरामाइन वापरतात आणि ते असं उडत नाही. म्हणून क्लोरीन आणि क्लोरामाइन दोन्ही काढणारं डीक्लोरिनेटर वापरणं हाच खात्रीचा मार्ग आहे. पाणी उकळून गार केलं म्हणजे झालं, असंही समजू नका. डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी फवारायला ठीक आहे, पण बसायच्या भांड्यात रोज तेच नको, त्यात क्षार नसतात.

पाण्याचं भांडं उथळ हवं: पिल्लू बसलं की पाणी हनुवटीच्या खाली राहील एवढंच. ते रोज बदला, कारण बेडूक त्यातच शी करतो आणि तेच पाणी कातडीतून परत आत घेतो. पाण्यात राहणाऱ्या जातींच्या टाकीला सौम्य प्रवाहाचा फिल्टर लावा, अमोनिया आणि नायट्राइट (शी आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात तयार होणारी विषारी द्रव्यं) शून्यावर ठेवा आणि दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला. बटू बेडूक श्वास घ्यायला वर येतो, म्हणून त्याच्या टाकीत पाण्याची खोली 30 सेंटिमीटरच्या आत बरी.

तापमान, ओलावा आणि दिवा यांचं काय?

इथे जात महत्त्वाची. पॅकमनला साधारण 24 ते 28 अंश सेल्सिअस, व्हाइट्स ट्री फ्रॉगला दिवसा तेवढंच आणि रात्री थोडं कमी, बटू बेडकाच्या पाण्याला 24 ते 26, तर फायर बेलीड टोडला 18 ते 24. बहुतेक जातींना थंडीपेक्षा उकाडा लवकर मारतो, पारा 30 च्या वर जाऊ देऊ नका. हीटिंग मॅट लावायची असेल तर पेटीच्या बाजूला आणि थर्मोस्टॅटसह लावा. खाली लावली तर उकरून बसणारा बेडूक गारवा शोधत आणखी खाली जातो आणि भाजतो.

ओलावा म्हणजे चिखल नव्हे. पेटीचा एक कोपरा ओला, एक थोडा कोरडा असावा आणि दोन फवारण्यांच्या मध्ये काच सुकायला हवी. सतत निथळणाऱ्या पेटीत जंतू वाढतात.

पेटी उन्हात ठेवू नका, बंद काचेत काही मिनिटांत भट्टी होते. शिवाय काच यूव्हीबी किरणं, म्हणजे अंगात व्हिटॅमिन डी तयार करणारी उन्हातली अतिनील किरणं, अडवते, त्यामुळे त्या उन्हाचा फायदाही नाही. सौम्य यूव्हीबी दिवा रात्री फिरणाऱ्या जातींनाही उपयोगी पडतो, फक्त सावली पुरेशी ठेवा.

काय खायला घालायचं, किती आणि कधी?

जमिनीवरच्या आणि झाडावरच्या पिल्लांना हलणारं, जिवंत भक्ष्य लागतं. न हलणारा किडा बहुतेकांना अन्न वाटतच नाही. अगदी लहान पिल्लांना न उडणाऱ्या फळमाश्या, स्प्रिंगटेल (ओल्या मातीत राहणारे इवले उडी मारणारे जीव) आणि नुकते जन्मलेले रातकिडे द्या. मापाचा नियम सोपा आहे: किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. पिल्लांना रोज, दहा-पंधरा मिनिटांत संपेल एवढं. मोठ्या बेडकाला आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं.

खाताना एकदा जवळून बघा. किडा तोंडात गेला की पिल्लू दोन्ही डोळे मिटतं आणि डोळ्यांचे फुगवटे आत जातात. ते डोळे खरोखरच टाळूच्या बाजूनं खाली येऊन घास घशाकडे ढकलतात. दुखलं म्हणून डोळे मिटले असं अनेकांना वाटतं, तसं काही नसतं. उलट असा घास गिळताना दिसला की पिल्लू नीट खातंय याची खात्री पटते.

उरलेले रातकिडे रात्रभर पेटीत ठेवू नका, भुकेले रातकिडे झोपलेल्या पिल्लाची कातडी कुरतडतात. घराबाहेरून पकडलेले किडेही टाळा, त्यांच्यावर कीटकनाशक असू शकतं.

बटू आणि नखवाल्या बेडकांना जीभच नसते. ते वासावर अन्न शोधतात आणि पुढच्या पायांनी तोंडात कोंबतात. बटू बेडकाला गोठवलेले ब्लडवर्म (पाण्यातल्या लाल अळ्या) वितळवून ड्रॉपरनं त्याच्या तोंडाजवळ सोडा. टाकीत चपळ मासे असतील तर अन्न त्याच्यापर्यंत पोचतच नाही, आणि बटू बेडूक हळूहळू उपासमारीनं जातो.

कॅल्शियमची पावडर खरंच लागते का?

हो, आणि ती पिल्लालाच सगळ्यात जास्त लागते. रातकिड्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम कमी असतं. वाढत्या हाडांना ते पुरत नाही आणि पिल्लाला मुडदूस होतो: जबडा मऊ पडतो, पाय वाकडे होतात, अंगाला झटके येतात. वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही. व्हिटॅमिन डी-3 असलेली कॅल्शियमची बारीक पावडर डबीत घेऊन त्यात किडे हलकेच घोळवा. पिल्लांना जवळपास प्रत्येक जेवणात कॅल्शियम आणि आठवड्यातून एकदा मल्टिव्हिटॅमिन, त्यात व्हिटॅमिन ए असेल हे बघून. किड्यांनाही आदल्या दिवशी पालेभाजी, गाजर असं चांगलं खाऊ घाला. किड्याच्या पोटात जे असेल ते पिल्लाच्या पोटात जातं.

आणल्यापासून खातच नाही. काय करू?

पहिले दोन-तीन दिवस त्याला एकटं सोडा. पेटीच्या तीन बाजू कागदानं झाका, फक्त पाणी बदला, आणि संध्याकाळी दिवे मंद झाल्यावर किडे सोडा. आधी तापमान तपासा, गारठलेलं पिल्लू खात नाही. मग किड्याचं माप तपासा. नखाएवढ्या पिल्लानं तीन-चार दिवस काहीच खाल्लं नाही, किंवा कमरेची हाडं वर दिसू लागली, तर पशुवैद्य गाठा. जबरदस्तीनं तोंड उघडू नका, पिल्लाचा जबडा सहज मोडतो.

हातात घेतलं तर चालेल?

गरज असेल तरच. त्याच्या कातडीवरचा ओलसर थर जंतूंना अडवतो आणि आपल्या कोरड्या हातानं तो पुसला जातो. साबण, क्रीम, डास पळवणारं मलम यांचा अंश तर थेट अंगात जातो. उचलावंच लागलं तर हात भरपूर धुऊन, साबण पूर्ण काढून, डीक्लोरिनेट केलेल्या पाण्यानं ओले करा. किंवा पावडर नसलेले ओले हातमोजे घाला. सगळ्यात बरं म्हणजे पिल्लाला हळूच छोट्या डबीत जाऊ द्या आणि डबी उचला. बेडकाला माणसाच्या स्पर्शाची ओढ नसते. त्याच्यावर प्रेम करायचं ते त्याला बघत.

तोंड सारखं उघडतंय, अंग आखडतंय. गुदमरतंय का?

बहुधा कात टाकतंय. पाठ कमानीसारखी होते, पोट आत-बाहेर होतं, पुढचे पाय डोक्यावरून आणि मागचे पाय कुशीवरून पुसल्यासारखे फिरतात. नीट बघितलं तर तोंडाच्या कोपऱ्यांतून एक पातळ, ओला पापुद्रा आत ओढला जाताना दिसतो. बेडूक आपली कात स्वतःच खातो. काही मिनिटांत सगळं आटोपतं आणि पिल्लू तकतकीत दिसू लागतं. त्या वेळी हात लावू नका. हेच दिवसातून पुन्हा पुन्हा होत असेल, किंवा कातीचे तुकडे अंगाला चिकटून राहत असतील, तर मात्र ते आजाराचं लक्षण आहे.

दोन पिल्लं एकत्र ठेवू का?

पॅकमन आणि आफ्रिकन बुलफ्रॉग कधीच नाही, ते एकमेकांना गिळतात आणि आपल्याएवढ्याला गिळताना दोघंही मरू शकतात. बाकीच्या जातींत एकाच मापाची, एकाच जातीची पिल्लं चालतात. वेगवेगळ्या जाती एकत्र नकोत; फायर बेलीड टोडच्या कातडीतलं विष शेजाऱ्याला बाधतं. नवं पिल्लू किमान महिनाभर वेगळ्या पेटीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवा.

कोणती लक्षणं दिसली की थांबायचं नाही?

मांड्या किंवा पोट लाल पडणं, पोट पाण्यानं भरल्यासारखं फुगणं, डोळे धुरकट होणं, गुदद्वारातून मांसल भाग बाहेर येणं, अंगाला झटके. आणि एक साधी चाचणी: पिल्लू उलटं पडलं आणि लगेच सुलटं होता आलं नाही, तर ते गंभीर आहे.

कायट्रिड बुरशीबद्दल विशेष सांगायला हवं, कारण ती पिल्लांनाच जास्त गाठते. ही बुरशी कातडीतल्या केराटिनवर, म्हणजे कातडीला कठीणपणा देणाऱ्या प्रथिनावर, वाढते. टॅडपोलच्या फक्त तोंडाच्या भागात केराटिन असतं, त्यामुळे तो बुरशी घेऊनही जगत राहतो. बेडूक होताना केराटिन सगळ्या अंगावर येतं, बुरशी पसरते आणि काल ठीक दिसणारं पिल्लू मलूल होतं, दिवसाउजेडी उघड्यावर पाय पसरून बसतं, सारखी कात टाकतं. वेळेत कळलं तर औषधाच्या पाण्यात बुडवून उपचार होतात, पण औषध आणि मात्रा पशुवैद्यानंच ठरवावी. उभयचर प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य कमी असतात, म्हणून त्यांचा शोध पिल्लू ठणठणीत असतानाच घेऊन ठेवा.

घरात लहान मुलं आहेत. धोका आहे का?

बेडकाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला, म्हणजे माणसाला जुलाब आणि ताप आणणारा जंतू, असू शकतो, बेडूक पूर्ण निरोगी दिसत असला तरी. 2009 ते 2011 या काळात अमेरिकेत पाळीव बटू बेडकांमुळे साल्मोनेलाची साथ पसरली होती आणि आजारी पडलेल्यांत बहुतेक लहान मुलं होती. पाच वर्षांखालच्या मुलांनी बेडूक किंवा टाकीचं पाणी हाताळू नये. टाकी स्वयंपाकाच्या ओट्यावर धुऊ नका आणि प्रत्येक वेळी हात साबणानं धुवा. मुलांना पेटीसमोर बसून बघू द्या, खाणं कधी द्यायचं याची वही लिहू द्या. त्यातही खूप शिकणं आहे.

बागेत सापडलेलं पिल्लू पाळू का?

नको. ते हरवलेलं नाही, बेडकांची बहुतेक पिल्लं आईवडिलांशिवायच वाढतात. रस्त्यात असेल तर ओल्या हातानं उचलून जवळच्या ओलसर सावलीत सोडा. स्थानिक वन्य जाती पकडणं अनेक देशांत कायद्यानं गुन्हा आहे, आणि निसर्गातून आणलेलं पिल्लू पेटीत अनेकदा खाणंच सोडून देतं. पाळायचंच तर बंदिस्त पैदाशीतलं घ्या.

आता सांभाळणं जमत नाही. तळ्यात सोडू का?

कधीही नाही, जात स्थानिक असली तरी नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार कायट्रिडमुळे 500 हून अधिक उभयचर जातींची संख्या घटली आणि त्यातल्या 90 नामशेष झाल्या असाव्यात. माणसानं केलेली बेडकांची ने-आण हा ती बुरशी पसरण्याचा एक मोठा मार्ग आहे. ज्यांच्याकडून पिल्लू घेतलं त्यांना परत घेता का विचारा, दुसरा अनुभवी पाळणारा शोधा, किंवा उभयचर सांभाळणाऱ्या प्राणिसंस्थेशी बोला. पेटीतलं पाणी बागेत किंवा ओढ्यात ओतू नका: त्यात ब्लीच घालून काही तास ठेवा आणि मग सांडपाण्यात सोडा. वापरलेली माती आणि मॉस पिशवीत बांधून कचऱ्यात टाका.